आदर्श गृहिणीच्या प्रतिमेमागील डॉना रीड

अमेरिकी दूरचित्रवाणीने १९५० आणि १९६०च्या दशकांत आदर्श गृहिणीची एक प्रतिमा घरोघरी पोहोचवली. नीटनेटके घर, डॉक्टर पती, गुणी मुले आणि न ढळणारे हास्य. या प्रतिमेशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव डॉना रीड यांचे. मात्र पडद्यावर घर सांभाळणारी ही अभिनेत्री त्याच वेळी स्टुडिओत पूर्ण वेळ राबत होती आणि मालिकेच्या निर्मितीतही तिचा वाटा होता.

२७ जानेवारी १९२१ रोजी आयोवा राज्यातील डेनिसनजवळच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या डॉना बेल मुलेंजर महामंदीच्या काळात लॉस एंजेलिसला आल्या. १९४१मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरने त्यांना करारबद्ध केले. तत्कालीन स्टुडिओ पद्धतीत कलाकाराच्या भूमिका, प्रसिद्धी आणि अनेकदा नावही मालकच ठरवत. ‘डॉना रीड’ हे नाव त्यांना असेच मिळाले आणि त्यासोबत ‘शेजारची सालस मुलगी’ हा साचाही.

फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) या चित्रपटात त्या जेम्स स्टुअर्ट यांच्या नायिका होत्या. आज नाताळात आवर्जून पाहिला जाणारा हा चित्रपट तेव्हा तिकीटबारीवर तोट्यात गेला. १९७०च्या दशकात त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, दूरचित्रवाणी केंद्रांनी तो वारंवार दाखवला आणि त्याला दुसरे आयुष्य लाभले.

‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ (१९५३) मधील होनोलुलूच्या क्लबात काम करणाऱ्या तरुणीच्या भूमिकेने तो साचा मोडला. त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. परंतु त्यानंतर तशा ताकदीच्या भूमिका आल्या नाहीत.

मग त्यांनी दूरचित्रवाणीची वाट धरली. १९५८ ते १९६६ या काळात एबीसी वाहिनीवर ‘द डॉना रीड शो’चे २७५ भाग प्रसारित झाले. पती टोनी ओवेन निर्माते होते. दोघांच्या नावांतून ‘टोडॉन’ ही निर्मितीसंस्था उभी राहिली होती. प्रतिमा जुनीच होती, पण आता तिच्या व्यवहारावर त्यांची पकड होती.

या प्रतिमेचा त्यांनी केलेला पुढचा उपयोग अनेकांना अनपेक्षित होता. १९६७मध्ये व्हिएतनाम युद्धाविरोधात ‘अनदर मदर फॉर पीस’ ही संघटना स्थापन झाली. रीड तिच्या सहअध्यक्ष झाल्या. ज्या मातृत्वाने त्यांना लोकप्रिय केले, त्याच मातृत्वाच्या अधिकाराने त्या सरकारला प्रश्न विचारू लागल्या.

१९८४मध्ये त्यांनी ‘डॅलस’ मालिकेत बार्बरा बेल गेडिस यांच्या जागी मिस एलीची भूमिका स्वीकारली. एका हंगामानंतर बेल गेडिस परतल्या आणि करार शिल्लक असताना रीड यांना दूर करण्यात आले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. दहा लाख डॉलरहून अधिक रकमेवर तडजोड झाली. स्टुडिओच्या शब्दाबाहेर न जाण्याच्या काळात कारकीर्द सुरू केलेल्या अभिनेत्रीने अखेरीस कराराच्या बळावरच आपला हक्क मिळवला.

१४ जानेवारी १९८६ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरील सैनिकांनी पाठवलेली ३४१ पत्रे त्यांनी आयुष्यभर जपून ठेवली होती, हे जगाला त्यानंतर समजले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या या स्त्रीला सैनिकांचे दुःख परके नव्हते.