बर्फावरचा हंगाम

हंगाम म्हटला की तुम्हाला खरीप-रब्बी आठवणार. अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या 'ब्लूज' संघाचा हंगाम बर्फावरील हॉकीचा. २०१८-१९ मध्ये साखळीचेच ८२ सामने होते. पायात पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबरी चकती.

३ जानेवारी २०१९ रोजी हा संघ ३१ संघांत तळाला होता. प्रशिक्षक नोव्हेंबरातच बदललेला. दुबार पेरणीच म्हणा ना! मग दुय्यम संघातून बोलावलेला गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टन ७ तारखेला प्रथमच सुरुवातीपासून उभा राहिला, आणि त्याने एकही गोल होऊ दिला नाही. पुढे ओळीने ११ विजयही आले. १२ जूनला बोस्टनच्या संघाला त्याच्याच मैदानावर ४-१ असे हरवून ब्लूजने स्टॅनले चषक उचलला. १९६७ पासून खेळणाऱ्या या संघाचा हा पहिलाच चषक.