तेंदूचं सार आणि मामांचा ड्रायव्हर

रायपूरच्या गोल बाजाराबद्दल तिथला कुणीही पहिल्यांदा हेच सांगतो, की जन्मापासून मरणापर्यंत लागणारं सगळं इथं मिळतं. हळद-सुपारी, लग्नाचे मौर, बांगड्या, जडीबुटी, पूजेचं साहित्य आणि शेवटच्या प्रवासाचं पांढरं कापडसुद्धा. मी तिथं गेले ते गोल्फच्या काठीसाठी.

नागपूरकरांना हिवाळ्यात गोल्फ खेळायला जवळपास कुठे जाता येईल, यावर पुरवणीला मजकूर हवा होता. कामठी आणि पचमढीचे कोर्स लष्कराच्या अखत्यारीत, तिथं परवानगीचा प्रश्न येतो. उरलं रायपूर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-बिलासपूर वंदे भारत सुरू झाल्यापासून ते शहर फारच जवळ आलंय, शिवाय तात्यापाऱ्यात माझे मामा राहतात. मामांची सगळी नोकरी जमशेदपुरात गेली. तिथं बेल्डी आणि गोलमुरी असे दोन कोर्स आहेत आणि रविवारची सकाळ ते त्यातल्या एकावर काढत. माझ्या हातात त्यांनी त्यांचा जुना ड्रायव्हर ठेवला. डोकं लाकडाचं, पर्सिमॉनचं. मानेवर गुंडाळलेला काळा दोरा सुटून लोंबत होता. "अगं, गोल बाजारात जा. तिथं होईल," मामा म्हणाले.

इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. इथं नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. बिंबाजी भोसले रतनपुरातून कारभार पाहत. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी ॲग्न्यूने तो रायपूरला आणला. १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वीर नारायण सिंहांना फाशी झाली आणि आजचा जयस्तंभ चौक त्यांच्या स्मृतीशी जोडला गेला. तिथून गोल बाजार पायी थोड्याच अंतरावर. गोल्फचं म्हणाल तर, इंग्रजांनी १८२९ मध्ये कलकत्त्याला आणि १८४२ मध्ये मुंबईला क्लब काढले. पुढे हा खेळ छावण्यांच्या, थंड हवेच्या ठिकाणांच्या आणि कारखान्यांच्या वसाहतींच्या वाटेने पसरला. जुन्या रायपूरच्या वाट्याला तो आला नाही.

बाजारात शिरलं की गल्ल्या वळत राहतात. मसाल्याच्या वासातून बाहेर पडावं तर उदबत्तीचा वास येतो. डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं आहे, पायाखाली दुचाक्यांची दाटी. इतक्या जुन्या बाजारात म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला क्षणभर टेकायला एक ओटा मोकळा नाही, याचं मला फार वाईट वाटलं. विचारत विचारत मी एका अरुंद दुकानापाशी पोचले. बाहेर लाठ्या उभ्या होत्या आणि टोपलीत भोवरे होते. इथं त्यांना भौंरा म्हणतात. आत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे कका म्हटलं, त्यांनी मला नोनी.

ककांनी ड्रायव्हर घेतला. आधी तोलून पाहिला, मग डोक्यावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावला. "हे तेंदूच्या घरातलं लाकूड आहे," ते छत्तीसगढीत म्हणाले. मी थक्क झाले, कारण ते अगदी खरं होतं. अमेरिकेतला पर्सिमॉन आणि आपला तेंदू, ज्याला आपण टेंभुर्णीही म्हणतो, हे दोघे एकाच डायोस्पायरॉस कुळीतले. एकाच्या लाकडाने जगभरच्या गोल्फरांना पिढ्यान् पिढ्या ड्रायव्हर पुरवले. १९७९ मध्ये अमेरिकेत पोलादी डोक्याचा ड्रायव्हर आला आणि दोन दशकांत लाकूड मागे पडलं. पण त्या काठ्यांना आजही 'वूड'च म्हणतात. दुसऱ्याची, म्हणजे तेंदूची, पानं छत्तीसगढच्या जंगलातली माणसं भर उन्हात विडीसाठी तोडतात, त्यावर त्यांचं उन्हाळ्याचं पोट चालतं. त्याच्या गाभ्यातलं काळं, लोखंडासारखं लाकूड म्हणजे सार. दिवाळीनंतर राऊत नाचायला निघतात तेव्हा त्यांच्या हातात याच तेंदूसाराची लाठी असते.

ककांनी जुना दोरा सोडवला, नवा मेणातून ओढून घेतला. काठीची मान गुडघ्यांत धरून एकेक फेर घट्ट बसवत गेले. भोवऱ्यावर जाळी गुंडाळताना पोरं जशी अंगठ्याने दाबतात तसं. मध्ये बोलले नाहीत. शेवटचं टोक आधीच्या फेरांखाली सरकवून खेचलं आणि गाठ दिसेनाशी झाली. पूर्वी भोवऱ्यांची पोती जायची, म्हणाले. आता पोरं मैदानावर नाहीत आणि मैदानंही नाहीत. २०२२ च्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये भौंरा, गेडी, गिल्लीदांडू होते, तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. पैसे त्यांनी घेतले, पण फार थोडे.

दुसऱ्या दिवशी नवा रायपूरला गेले. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर, रुंद सरळ रस्ते. तळ्याकाठचं फेअरवे गोल्फ अँड लेक रिसॉर्ट हे इथलं मुख्य ठिकाण. प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाची छत्तीसगढ ओपन इथंच झाली. जाण्यापूर्वी फोन करून वेळ आणि शुल्क विचारून घ्यावं. सकाळची वेळ मागावी. या नव्या शहरासाठी जमिनी दिलेल्या सत्तावीस गावांचे शेतकरी २०२२ मध्ये आंदोलनाला बसले होते, हे हिरवळीवर उभं राहिल्यावरही मनातून जात नाही. मला वाटतं, इतकी जमीन आणि पाणी लागणाऱ्या खेळाने दार तरी उघडं ठेवावं. सिडकोने खारघरच्या डोंगरापायथ्याशी कोर्स केला, तिथं सभासद नसलेला माणूसही पैसे भरून खेळू शकतो. रायपूरच्या शाळांमधली पोरंही कधी या हिरवळीवर यावीत.

पहिल्या टीवर चेंडू ठेवला. व्यास जेमतेम ४३ मिलीमीटर, वजन ४६ ग्रॅमच्या आत, अंगभर खळगे. ते खळगे नसते तर चेंडू निम्म्या अंतरावरच पडला असता. लाकूड चेंडूला लागलं तेव्हा पोलादाचा टणत्कार झाला नाही, खोल, भरीव आवाज आला. जमशेदपूरच्या रविवारांबद्दल बोलताना मामा नेहमी याच आवाजाची आठवण काढतात. चेंडू थोडा उजवीकडे गेला, पण हवेत बराच वेळ राहिला.

परतीच्या गाडीआधी एक चेंडू ककांना द्यावा म्हणून पुन्हा गोल बाजारात गेले. चेंडू त्यांनी भोवऱ्यांच्या टोपलीत ठेवून दिला. मग ड्रायव्हर मागून घेतला, मानेवरच्या दोऱ्यावरून नख फिरवलं आणि मेणाचा गोळा पुढे ओढला. "एक फेर ढिला पडलाय नोनी. बस, पुन्हा बांधतो."