विश्लेषण : शर्यतीच्या जुन्या मोटारीला अकराशे कोटी... पैसे नेमके कशाचे?

५ मे २०२२ रोजी जर्मनीतील स्टुटगार्टमध्ये, मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयात, निवडक निमंत्रितांसाठी एक लिलाव झाला. विक्रीला मोटार एकच होती : १९५५ ची ३०० एसएलआर ‘उहलेनहाउट कूपे’. ती १३ कोटी ५० लाख युरोंना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ११०० कोटी रुपयांना विकली गेली. मोटारींच्या लिलावातील तो विक्रम ठरला.

मर्सिडीजचे नाव हिंजवडीला नवे नाही. कंपनीचा कारखाना चाकणला आहे, आणि फेज १ मधील आजची महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल एके काळी मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल म्हणून ओळखली जात होती. शिवाय टाटा टेक्नॉलॉजीज आणि केपीआयटी यांची मुख्यालये याच आयटी पार्कात आहेत. मोटारीचे भाग आणि प्रणाली संगणकावर घडवणाऱ्या इथल्या अभियंत्याला एक सरळ शंका येऊ शकते. ही गाडी लेझरने स्कॅन केली, प्रत्येक भागाचे मॉडेल तयार केले आणि भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सगळे भाग हुबेहूब घडवून घेतले, तर त्या गाडीला किती मिळतील?

हुबेहूब गाडी बनवली तर?

याचे उत्तर जग्वार कंपनीने स्वतःच देऊन ठेवले आहे. १९५० च्या दशकात ल मान्सची २४ तासांची शर्यत गाजवणाऱ्या डी-टाइप गाडीची रस्त्यावर चालवण्याजोगी आवृत्ती म्हणजे एक्सकेएसएस. १९५७ मध्ये कारखान्याला आग लागली आणि त्यातल्या नऊ गाड्या जळाल्या. सुमारे साठ वर्षांनी जग्वारने त्या नऊ गाड्यांच्या जागी नऊ नव्या गाड्या जुन्याच पद्धतीने बनवल्या. कंपनी तीच, आराखडे तेच. किंमत होती प्रत्येकी १० लाख पौंडांहून थोडी अधिक, म्हणजे साधारण नऊ कोटी रुपये.

साधारण त्याच सुमारास, ऑगस्ट २०१६ मध्ये, १९५६ ची ल मान्स जिंकलेली मूळ डी-टाइप कॅलिफोर्नियात लिलावाला आली. तिला २ कोटी १७ लाख ८० हजार डॉलर मिळाले. रुपयांत जवळपास १४५ कोटी. डी-टाइप आणि एक्सकेएसएस यंत्र म्हणून सख्ख्या बहिणीच. नव्या गाडीचे धातुकाम तर बहुधा जास्त नीटस असेल. तरी किमतीत पंधरापटींहून जास्त फरक पडला, आणि हा फरक यंत्राचा नव्हता.

मग भाव कशाला मिळतो?

शर्यत जिंकण्याला, असे म्हणावे तर उहलेनहाउट कूपे आडवी येते. ही गाडी एकही शर्यत धावलेली नाही. तिच्या उघड्या बहिणीने, म्हणजे टप नसलेल्या ३०० एसएलआरने, १९५५ ची मिल मिलिया ही इटलीतील हजार मैलांची शर्यत जिंकली. चालक स्टर्लिंग मॉस, वाटाड्या डेनिस जेन्किन्सन, वेळ १० तास ७ मिनिटे ४८ सेकंद. पण त्याच वर्षी ११ जूनला ल मान्समध्ये मर्सिडीजची एक गाडी उडून प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक माणसे गेली. वर्षअखेरीस कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. पुढच्या शर्यतींसाठी तयार केलेल्या दोन बंद कूपे तशाच राहिल्या. मुख्य अभियंता रुडॉल्फ उहलेनहाउट त्यांतली एक गाडी चक्क कामावर ये-जा करायला वापरत. तीन लिटरचे आठ सिलिंडर इंजिन, तीनशेच्या आसपास अश्वशक्ती आणि ताशी २९० किलोमीटरपर्यंत वेग असलेली ही ‘ऑफिसची गाडी’!

उलट, १ फेब्रुवारी २०२५ रोजी मर्सिडीजचीच डब्ल्यू १९६ आर ही ग्रां प्री गाडी विकली गेली. हुआन मान्युएल फान्जिओने तिच्यातून शर्यत जिंकली होती, मॉसनेही ती चालवली होती. तिला ५ कोटी ११ लाख युरो मिळाले, म्हणजे न धावलेल्या कूपेच्या निम्म्याहूनही कमी.

कूपेच्या बाबतीत मोजले गेले ते दुर्मीळपण. जगात अशा दोनच गाड्या, दोन्ही जन्मापासून कंपनीच्याच ताब्यात, आणि कंपनी त्या विकेल असे कुणाला वाटत नव्हते. दुसरी आजही कंपनीकडेच आहे. अशा वस्तूला बाजारभाव नसतो. हट्टाला पेटलेले दोन अतिश्रीमंत बोलीदार असले की भाव ठरतो. या विक्रीतून आलेले पैसे मर्सिडीजने तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठी राखून ठेवले, हेही नोंदवायला हवे.

अस्सल कोणती, हे कोण ठरवते?

अभियंत्याला सर्वांत जास्त रस वाटावा असा भाग हाच. शर्यतीची गाडी आपटते, जळते, इंजिन बदलते, सांगाडाही बदलतो. मग १९२९ ची गाडी आज ‘तीच’ कशी?

हा प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात गेला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली १९२९ आणि १९३० मध्ये सलग दोनदा ल मान्स जिंकलेली. तिचा सौदा सुमारे १ कोटी पौंडांना ठरला. नंतर खरेदीदाराने हात आखडता घेतला. गाडीत मूळचे फारच थोडे उरले आहे, तेव्हा ही ती गाडीच नव्हे, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. भाग एकेक करून बदलत गेले, पण गाडीचा प्रवास मध्ये कुठेही तुटला नाही आणि तिची जागा दुसऱ्या कुठल्या गाडीने घेतली नाही. त्यामुळे ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च आहे, असा निकाल लागला.

म्हणूनच या व्यवहारात चासी नंबर, इंजिन नंबर, कारखान्याच्या नोंदी, शर्यतींचे फोटो आणि दुरुस्तीची बिले यांना पत्र्याइतकेच मोल असते. हिंजवडीत बनवलेल्या प्रतीचे आयुष्य तिच्या नव्या नंबरापासून सुरू होईल.

गुंतवणूक म्हणून परवडते का?

बातमी विक्रमाची होते, घसरणीची फारशी होत नाही. फेरारी २५० जीटीओ ही गाडी फक्त ३६ बनली. १९८९-९० च्या तेजीत एकेका जीटीओला १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात भाव मिळाला. मग बाजार कोसळला आणि चार-पाच वर्षांत भाव चौथ्या हिश्श्याच्या आसपास आले. ज्याने कर्ज काढून घेतली असेल त्याचे काय झाले असेल? नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एक जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. रक्कम डोळे दिपवणारी खरी, पण लिलावकर्त्यांची अपेक्षा ६ कोटींच्या पुढे होती.

किंमत किती हवेत तरंगते, हे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात सर्वांनी पाहिले. १९३९ ची पोर्शे टाइप ६४ लिलावात होती. पडद्यावर बोली ७ कोटी डॉलरपर्यंत चढली, टाळ्याही पडल्या. मग लिलाव पुकारणाऱ्याने खुलासा केला, ‘सेव्हन्टी’ नव्हे, ‘सेव्हन्टीन’. गाडी शेवटी विकलीच गेली नाही.

शिवाय बोलीवर लिलावगृहाचे कमिशन, विमा, तापमान सांभाळणारे गॅरेज आणि प्रत्येक सुटा भाग हाताने घडवून घेण्याचा खर्च असतो. मिल मिलियाच्या आजच्या रॅलीत मूळ शर्यतीच्या काळातील ठरावीक गाड्यांनाच प्रवेश मिळतो. तिथे स्वतः गाडी पळवण्यासाठी कुणी पैसे मोजत असेल तर त्याच्यापुरता तो सौदा वाजवी आहे. नुसत्या वाढीव भावाकडे डोळे लावून घेणाऱ्याला मात्र तो महागच पडण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडच्या जुन्या गाडीचे काय?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट एकच, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार. नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात. गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही.

विकताना प्राप्तिकराचा मुद्दा येतो. मुंबईतील एका नोकरदाराने १९३१ ची फोर्ड १९८३ मध्ये २० हजार रुपयांना घेतली आणि काही वर्षांनी २१ लाखांना विकली. वैयक्तिक वापराची वस्तू म्हणून नफ्यावर कर लागू नये, हा त्याचा दावा होता. प्रकरण अनेक वर्षे चालले आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : गाडी वापरता येण्याजोगी असणे पुरेसे नाही, ती खरोखर वापरल्याचा पुरावा हवा. कामावर जायला तो कंपनीची गाडी वापरत होता आणि फोर्डच्या देखभालीच्या खर्चाचा पुरावा त्याच्याकडे नव्हता. नफा करपात्र ठरला.