माकडतापात माकडाचा दोष किती?

माकडं पकडून दूर सोडली तर माकडताप जाईल का? दोडामार्ग-सावंतवाडीकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. नाही जाणार. उलट त्यांच्या अंगावरच्या गोचिडी नव्या रानात पोहोचतील. विषाणू पसरतो तो गोचिडींमुळे. माकड आपल्यासारखंच त्याला बळी पडतं. ते मेलं की गोचिडी अंगावरून उतरून पाल्यात पसरतात, म्हणून मेलेल्या माकडाची खबर तातडीनं द्यायची आणि त्याला हात लावायचा नाही.

1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला धास्ती पडली ती पीतज्वर भारतात आल्याची. निघाला वेगळाच विषाणू. या शोधकथेत होर्हे बोशेल हे नाव नेहमी मागे पडतं, आणि मला ते फार खटकतं. बोशेल हे कोलंबियाचे संशोधक. तिथल्या जंगलात लाकूडतोडे झाड पाडत असताना बोशेल यांनी पाहिलं, की एरवी शेंड्याला राहणारे निळसर डास झाडाबरोबर खाली आले आणि माणसांना डसू लागले. जंगली पीतज्वर लाकूडतोड्यांना कसा गाठतो, ते एका कोसळत्या झाडानं दाखवून दिलं! हीच नजर त्यांनी पुढे क्यासनूर ज्या भागात येतं, त्या मलेनाडूच्या रानाकडे वळवली. 1969 च्या लेखात त्यांनी मांडलं ते असं: भातासाठी रान तुटलं, कडेला घाणेरी माजली, गुरं चरायला आत शिरली. गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, पण मोठ्या गोचिडींना त्यांच्यावर पोटभर रक्त मिळतं आणि त्यांची पैदास वाढते.

दुर्गम अरण्यांत दडलेले विषाणू हुडकण्याच्या मोहिमांचा आज मोठा गाजावाजा होतो. माकडतापापुरतं तरी मला रानाच्या कडेकडे पाहणं जास्त निकडीचं वाटतं. 2020 सालच्या एका अभ्यासातही सदाहरित रान आणि लागवड यांची सरमिसळ असलेल्या, भरपूर गुरांच्या भागातच धोका अधिक दिसला.

2016 मध्ये दोडामार्गात साथ आली. डिसेंबर ते मे हा गोचिडींच्या बारीक पिलांचा काळ, आणि काजू गोळा करण्याचा, भाजावळीसाठी पातेरा आणण्याचा हंगामही त्यातच येतो. जुन्या लशीचा गुण उतरत गेल्यानं तिचा वापर थांबला आहे. रानात जाताना हातापायांना गोचीड-प्रतिबंधक तेल आणि परतल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, एवढंच लोकांच्या हाती. काजूसाठी रान आणखी किती तोडायचं, गुरं कुठं चारायची, हे ठरवताना मात्र वन, कृषी आणि पशुसंवर्धन या खात्यांनी आरोग्य खात्याला शेजारी बसवायला हवं.