कांद्याच्या मूलाग्रातील सूत्री विभाजन : काचपट्टीवर नेमके काय दिसते?

पेशीविभाजनाच्या प्रात्यक्षिकासाठी कांद्याचे मूळ सोयीचे ठरते. मूलाग्रातील पेशी सतत विभागत असतात आणि कांद्याची गुणसूत्रे मोठी असून संख्येने केवळ १६ आहेत. मुळांची टोके अल्कोहोल व ॲसेटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात टाकताच पेशी मरतात आणि ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत स्थिर होतात. पुढे त्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ऊन करून सुट्या करतात, ॲसिटोकार्मिनने रंगवितात व अंगठ्याने दाबून त्यांचा पातळ थर करतात. दाबताना वरची काच सरकली की सारे श्रम वाया जातात!

विद्यार्थी बहुधा चार अवस्थांची सुबक चित्रे काढून थांबतो. पश्चावस्था न सापडल्यास ती पुस्तकातून उतरवितो. वस्तुतः काचपट्टीवर एका पेशीचा प्रवास नसतो, तर एकाच क्षणी थांबलेल्या अनेक पेशी असतात. त्यांचा क्रम आपण जुळवितो. वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ पूर्वीच सॅलमँडरच्या जिवंत पेशींतील निरीक्षणे रंगविलेल्या पेशींशी ताडून पाहिली होती. आपल्या विद्यार्थ्याजवळ तसे साधन नसले तरी मोजणी आहे. जी अवस्था अधिक काळ टिकते, तिच्या पेशी अधिक आढळतात. म्हणूनच बहुसंख्य पेशी अंतरावस्थेत दिसतात आणि अल्पकाळ टिकणारी पश्चावस्था विरळ असते; तिचे न सापडणे हा रंगाचा दोष नव्हे. मात्र मोजणी टोकाजवळच्या लहान, चौकोनी पेशींपुरतीच ठेवावी. वरच्या लांबट पेशींचे विभाजन थांबलेले असते. त्या धरल्यास अंतरावस्थेचे प्रमाण विनाकारण फुगते.