आधी पाण्याची वाट, मग रोप

खाडीतून रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला तिवरांची हिरवीगार गर्दी आणि दुसऱ्या अंगाला राखाडी, निष्पर्ण सापळे उभे. ठाणे-रायगडच्या खाडीपट्ट्यातून जाणाऱ्यांना हे दृश्य अनोळखी नाही. दोन्हीकडची माती एक, पाऊस एक, झाडांची जातही एकच. मेलेल्या झाडांवर कुऱ्हाडीचा घावसुद्धा दिसत नाही. झालेले असते इतकेच, की भराव घालताना त्या बाजूचे भरतीचे पाणी अडले. कांदळवन कसे जगते आणि ते कसे राखायचे, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे. हे जंगल पाण्यावर जगत नाही, पाण्याच्या ये-जा करण्यावर जगते.

आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असते. उधाणाच्या दिवसांत मुंबईजवळ भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार-साडेचार मीटरचे अंतर पडते. दक्षिणेकडे ते कमी होत जाते आणि गोव्यापाशी दोन मीटरच्या आसपास उरते. या दोन पातळ्यांमधला सगळा चिखल कांदळवनाच्या उपयोगाचा नसतो. झाडे उगवतात ती साधारण वरच्या अर्ध्या भागात, जिथे पाणी नेमाने येते पण दिवसाचा बराचसा वेळ जमीन उघडी राहते. त्याच्या खाली मोकळी दलदल असते, तर वर, जिथे फक्त उधाणाचे पाणी पोचते, तिथे मिठाने पांढरट झालेली जमीन.

या पट्ट्यातही प्रत्येक झाडाची जागा वेगळी. पाण्याच्या तोंडाशी पांढरी चिप्पी आणि तिवर, खाडीच्या फाट्यांच्या काठाने कमानदार मुळांचा कांदळ, आत काजळा, जमिनीच्या बाजूला गेवा आणि काटेरी पानांची मारांडी. पुस्तकात ही रांग अगदी आखीव दिसते, प्रत्यक्षात तशी क्वचित सापडते. मुंबई-ठाण्यात तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिवरच तिवर आहे. हा काटक गडी जास्तीचे मीठ सोसतो, सांडपाणी सोसतो, आणि तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. कांदळाला ते जमत नाही. म्हणून ज्या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या सरपणासाठी तोड झाली, तिथे कांदळ मागे हटत गेला आणि तिवराचे राज्य आले.

आता चिखलात काय चालते ते पाहू. वरचा काही मिलीमीटरांचा थर सोडला तर त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. खाडीच्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. अशा जमिनीत मूळ गुदमरायला हवे. तिवर त्यावर तोड काढतो ती अशी: जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या मुळांतून सरळ वर येणारी, वीतभर उंचीची श्वसनमुळे तो हजारोंनी उगवतो. त्यांच्या सालीवर बारीक रंध्रे असतात आणि आत पोकळ्यांची जाळी. भरती आली की रंध्रे पाण्याखाली जातात, आतली हवा वापरली जाते आणि दाब कमी होतो. ओहोटीला रंध्रे उघडी पडताच बाहेरची हवा आत ओढली जाते. झाडाचा श्वास असा भरती-ओहोटीच्या तालावर चालतो.

पाणी अडले की दोन तऱ्हांचे मरण येते. आत शिरलेले पाणी बाहेर पडेना, तर श्वसनमुळे सतत बुडालेली राहतात आणि झाड गुदमरते. उलट पाणी आतच येईना, तर उन्हाने चिखल तडकतो, बाष्पीभवनाने मातीतले मीठ वाढत जाते आणि तिवरही हार मानतो. राडारोडा टाकणाऱ्यांना हे गणित नेमके ठाऊक असावे असे कधी कधी वाटते. झाड तोडले तर गुन्हा ताबडतोब दिसतो. श्वसनमुळे डेब्रिजखाली गाडली किंवा फाट्याचे तोंड बुजवले, तर झाड सावकाश, आपोआप मेल्यासारखे मरते.

मिठाशी प्रत्येकाने आपापल्या परीने जमवून घेतले आहे. कांदळ मुळांपाशीच बहुतेक मीठ अडवतो. तिवर काही मीठ आत येऊ देतो आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी पान चाटून पाहिले तर जिभेला खारट लागते. तरी या झाडांना मीठ आवडते असे नाही. पावसाळ्यात गोडे पाणी मिसळले की त्यांना जोम येतो. वरून येणाऱ्या नदी-ओढ्यांचे पाणी धरणांनी तोडले, तरीही कांदळवनाला झळ लागते ती यामुळेच.

बियांची तऱ्हा तर पाहण्यासारखी. कांदळाची बी झाडावर असतानाच रुजते आणि हिरव्या, लांबट दांड्यासारखी फांदीला लोंबत राहते. ती हातभर लांब होऊ शकते. गळून पडली तर खालच्या चिखलात रुतते, नाहीतर पाण्याबरोबर आठवडेच्या आठवडे तरंगत दूर जाते. तिवराची बी लहान. तीही सालीच्या आत आधीच कोंब धरून असते. या बिया पाण्याने वाहून योग्य पातळीवर आपणहून टेकतात. म्हणजे या जंगलात लावणीचे काम पाणीच करते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

झडलेली पाने खेकडे बिळांत ओढून नेतात, कुरतडतात. उरलेल्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांवर कोळंबीची पिल्ले आणि बारीक मासे. खेकड्यांच्या बिळांतून चिखलात हवा आणि पाणी खेळते, म्हणून खेकडे संपलेले कांदळवन लवकर आजारी पडते. मुळांच्या गुंत्यात मोठे मासे शिरू शकत नाहीत, त्यामुळे जिताडा, तांबोशी, बोय यांची पिल्ले तिथे निर्धास्त वाढतात. चिंबोरी, निवटी, कालवे ही तर थेट इथलीच कमाई. जे कुजत नाही ते चिखलात थरावर थर साठते. प्राणवायूच नसल्याने तिथला कार्बन शतकानुशतके अडकून राहतो. जमीन खणली की तोच हवेत सुटतो.

लाटा अडवण्याबद्दल मात्र तोलून बोलायला हवे. 1999 च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा अभ्यास झाला. ज्या गावांसमोर कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तिथे मृत्यू कमी झाले होते. पट्टा रुंद असेल तर लाटांचा आणि पाण्याच्या लोंढ्याचा जोर मोडतो, हे खरे. पण चार झाडांच्या रांगेने वादळ अडत नाही, आणि काँक्रीटचा किनारा करून समोर नावापुरते तिवर ठेवण्यातही काही अर्थ नाही. सुरूच्या बनांनाही कांदळवन समजू नये. पुळणीवर सुरू माणसाने लावले. तिथली मूळची राखण मर्यादवेल, केवडा, उंडी यांची आहे. वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटून किनारा ‘स्वच्छ’ करणे थांबले, तरी पुष्कळ होईल.

राखण म्हणजे कधी कधी काहीही न करणे. पावसाळा सरता सरता मुंबई परिसरातल्या तिवरांवर अळ्यांची धाड येते, पाने फस्त होतात, झाडे जळाल्यासारखी दिसतात आणि लोक घाबरून फवारणीची मागणी करतात. काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. अळ्या पक्ष्यांच्या पोटात जातात, विष्ठेतून खत मिळते. कीटकनाशक मारले, तर कोळंबी आणि खेकडे आधी मरतील.

कायद्याची बाजू आपल्याकडे आता बरीच भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यभरातली कांदळवनांची तोड थांबवण्याचा आणि त्यांच्याभोवती 50 मीटरच्या आत बांधकाम न करण्याचा आदेश दिला. 2018 च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे म्हटले. 2012 मध्ये वन खात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. कायद्याने कुऱ्हाड बऱ्यापैकी रोखली. पाण्याची वाट अडवणारा हात तितकासा रोखला गेलेला नाही, कारण भराव, मोरी, बंधारा यांकडे कोणी झाडतोड म्हणून पाहत नाही.

वृक्षारोपणाच्या उत्साहात हेच विसरले जाते. फिलिपिन्समध्ये कित्येक दशके कांदळाची लाखो रोपे लावली गेली. बहुतेक ठिकाणी ती चुकीच्या पातळीवर, उघड्या दलदलीत लावली गेली, आणि जगण्याचे प्रमाण 10 ते 20 टक्क्यांवर राहिले. उघडी दलदल म्हणजे रिकामी जागा नव्हे. ठाणे खाडीत फ्लेमिंगो आणि स्थलांतरित पाणपक्षी पोट भरतात ते याच उघड्या चिखलावर. 2015 मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अशा जागी तिवर लावणे म्हणजे पक्ष्यांच्या ताटातले काढून घेणे.

मग जंगल परत कसे आणायचे? तमिळनाडूतल्या पिचावरमचे उदाहरण मला सर्वांत शिकवणारे वाटते. तिथे पूर्वी ठरावीक पट्ट्यांत सरसकट तोड होत असे. झाडे गेल्यावर ऊन थेट चिखलावर पडले, माती सुकून दबली आणि मध्ये खळगे झाले. भरतीचे पाणी त्यांत शिरे, पण बाहेर पडेना. ते आटून मीठ इतके वाढले की तिवरही उगवेना. वरवर पाहणाऱ्याला वाटे, इथे रोपे लावली की झाले. 1990 च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि तिथले वन खाते यांनी आधी पातळी मोजली. खाडीपासून एक मोठा चर काढला आणि त्याला दोन्ही अंगांनी तिरपे लहान चर जोडले, माशाच्या काट्याच्या आकारात. भरतीचे पाणी आत येऊन पुन्हा बाहेर जाऊ लागले, मीठ धुतले गेले आणि मग चरांच्या काठाने तिवर लावले. जंगल परतले. असे चर गाळाने भरतात, ते पुन्हा पुन्हा उपसावे लागतात. एकदा फीत कापून संपणारे हे काम नाही.

अमेरिकेतले रॉय लुईस यांनी हाच क्रम शिस्तीत मांडला. त्या जागी पूर्वी कांदळवन होते का, ते का गेले, शेजारच्या निरोगी वनाची जमीन नेमक्या कोणत्या पातळीवर आहे, हे आधी शोधायचे. मग पाण्याचा अडथळा काढायचा आणि थांबायचे. जवळपास बी देणारी झाडे असतील तर पाणी स्वतः बी आणून टाकते. बी पोचत नसेल तेव्हाच रोपे लावायची, तीही शेजारी जी जात आहे तीच. वीतभर पातळी चुकली तरी सगळे फसते, म्हणून इथे फावड्याच्या आधी लेव्हल मोजणारा माणूस हवा.

सर्वांत अवघड प्रश्न खारेपाटाचा आहे आणि त्यावर पुरेसे बोलले जात नाही. पेण-अलिबागकडे बांध घालून खाडीची जमीन भाताखाली आणली गेली. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, शेतातले पाणी ओहोटीला बाहेर पडे आणि भरतीचे पाणी बाहेरच राही. अलिबागकडे बांधांची डागडुजी शेतकरी ‘जोळ’ पद्धतीने श्रमदानातून करीत. गोव्यातल्या खाजणांत, म्हणजे अशाच बांध घातलेल्या जमिनींत, मानशीची, म्हणजे तिथल्या उघाडीची, राखण गावकरी संस्था बघत. ही व्यवस्था खिळखिळी झाली, बांध फुटले, खारे पाणी शेतात शिरले आणि मागोमाग तिवर आले. आता त्या शेतकऱ्याची जमीन कागदावर शेती, डोळ्यांना जंगल आणि हात लावला तर गुन्हा. त्याला पर्यावरणाचा शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे. बांधाच्या बाहेर कांदळवन असेल तर लाटा बांधावर आपटत नाहीत, आत भात आणि मासळी दोन्ही होतात. जुन्या माणसांना हे माहीत होते. फुटलेला बांध वेळेत दुरुस्त करायला सरकारने पैसा द्यायला हवा आणि ज्यांची जमीन कायमची वनाखाली गेली, त्यांना मोबदला मिळायला हवा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा गट होडीतून कांदळवन दाखवतो, अनेक खाड्यांत बचतगट खेकडे आणि कालवे वाढवतात. ही कामे चांगली आहेत, पण ती बुडालेल्या शेतीची भरपाई नाहीत.

समुद्राची पातळी वाढते आहे. कांदळवन गाळ धरून स्वतःची जमीन उंचावते आणि पाणी वाढेल तसे मागे जमिनीकडे सरकते. मागे भिंत किंवा भराव असेल तर त्याला सरकायला जागा उरत नाही. त्यामुळे तुमच्या गावच्या खाडीवर रस्ता उंच होणार असेल, नवा पूल किंवा बंधारा येणार असेल, तर आराखडा ग्रामपंचायतीत मागून पाहा. मोऱ्या किती आहेत, त्यांचा तळ खाडीच्या कोणत्या पातळीवर आहे आणि उधाणाचे पाणी आत येऊन ओहोटीला पुरते बाहेर पडेल का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर मिळेपर्यंत भरावाचा पहिला ट्रक रिकामा होऊ देऊ नका.