एकच पैलवान, दोन गोष्टी: डब्ल्यूडब्ल्यूई स्वतःचा इतिहास कसा सांगते?

सेकंड शिफ्ट करून बजाजनगरच्या खोलीवर परतायचं, जेवताना मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवायचा आणि काहीतरी लावायचं. वाळूज एमआयडीसीतल्या अनेकांचा हा रोजचा क्रम. १ एप्रिल २०२५ पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूई सोनीवरून नेटफ्लिक्सवर आली आणि लाइव्ह शोसोबत कंपनीचे माहितीपटही स्क्रीनवर दिसू लागले. शाळेत ट्रम्प कार्डवरून अंडरटेकरची उंची-वजन पाठ केलेल्या पिढीला ते बघायचा मोह होणारच. बघावेतही. फक्त एक गोष्ट लक्षात असू द्यावी. यातले बरेचसे माहितीपट ज्या कंपनीबद्दल आहेत, तिनेच ते बनवले आहेत.

त्याने काय फरक पडतो, हे समजायला २००५ हे एक वर्ष पुरेसं आहे.

त्या वर्षी कंपनीने अल्टिमेट वॉरियरवर डीव्हीडी काढली. चेहऱ्यावर रंग, दंडाला झालरी आणि धावत रिंगमध्ये येणारा तोच वॉरियर. कंपनीशी त्याचं बिनसलं होतं आणि त्याने सहभाग नाकारला. मग डीव्हीडीचं नावच आलं ‘द सेल्फ डिस्ट्रक्शन ऑफ द अल्टिमेट वॉरियर’, म्हणजे त्याने स्वतःच स्वतःचं वाटोळं कसं केलं याची कहाणी. जुने सहकारी एकामागून एक कॅमेऱ्यासमोर येऊन त्याची खिल्ली उडवतात. वॉरियर कोर्टात गेला, पण निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

त्याच वर्षी ब्रेट हार्टवरही डीव्हीडी आली. तिचं नाव आधी ‘स्क्रूड’ असं ठरत होतं. ब्रेटचंही कंपनीशी वाकडंच होतं, पण तो मुलाखतीला बसला. नाव बदललं, सूर बदलला आणि बाजारात आला तो एका महान पैलवानाचा सन्मान.

आता २०१४. वॉरियरशी समेट झाला. ५ एप्रिलला त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ७ एप्रिलला तो ‘रॉ’मध्ये बोलला आणि ८ एप्रिलला त्याचं निधन झालं. त्याच वर्षी कंपनीने त्याच्यावर नवा माहितीपट आणला. यात तो दंतकथा होता. माणूस तोच, सामने तेच, बहुतेक फुटेजही तेच.

फुटेजची चावी कोणाकडे?

सगळा खेळ इथे आहे. नव्वदच्या दशकात डब्ल्यूसीडब्ल्यू ही स्पर्धक कंपनी सोमवारच्या टीव्ही रेटिंगमध्ये दीड वर्षाहून अधिक काळ पुढे होती. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ) तीच विकत घेतली, टेपच्या साठ्यासकट. २००३ मध्ये ईसीडब्ल्यूचा साठाही आला. म्हणजे हरलेल्यांच्या आठवणीही जिंकणाऱ्याच्या कपाटात गेल्या. दुसऱ्या कोणाला या काळावर फिल्म करायची तर फुटेजसाठी याच दारात यावं लागतं. तरी ‘द राइज अँड फॉल ऑफ ईसीडब्ल्यू’ (२००४) खरंच चांगला माहितीपट आहे, हे मान्य करायला हवं. मेलेल्या स्पर्धकाबद्दल मोकळेपणाने बोलणं तुलनेने सोपं असतं.

कपाट हातात असलं की काय दाखवायचं नाही, हेही ठरवता येतं. ख्रिस बेनवाने २००४ मध्ये रेसलमेनियाच्या शेवटच्या सामन्यात वर्ल्ड टायटल जिंकलं. जून २००७ मध्ये त्याने पत्नी आणि मुलाची हत्या करून आत्महत्या केली. त्यानंतर कंपनीच्या माहितीपटांतून तो जवळपास गायबच आहे. त्याचा गौरव नको, हे कोणालाही पटेल. पण त्या रात्रीचा रेसलमेनिया कोणी जिंकला, हे नव्या प्रेक्षकाला त्यातून कळणार नाही.

बाहेरचा कॅमेरा आत आला तेव्हा

९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. ब्रेट हार्टने हार मानलेली नसताना मालक व्हिन्स मॅकमहनने घंटा वाजवायला लावली आणि पट्टा शॉन मायकल्सला गेला. योगायोग असा की पॉल जे या कॅनडाच्या दिग्दर्शकाची टीम तेव्हा ब्रेटवर फिल्म करत होती. त्या रात्री ब्रेटला हरवायचं नाही, असं दोघांत झालेलं बोलणं ब्रेटच्या अंगावरच्या माइकमध्ये रेकॉर्ड झालं. १९९८ च्या ‘हिटमॅन हार्ट: रेसलिंग विथ शॅडोज’मध्ये ते ऐकायला मिळतं. ही टेप कंपनीच्या कपाटात नव्हती, म्हणून.

नेटफ्लिक्सवरची ‘मिस्टर मॅकमहन’ (सप्टेंबर २०२४) ही सहा भागांची मालिकाही बाहेरच्यांनी केलेली. लैंगिक छळाच्या खटल्यानंतर मॅकमहनने जानेवारी २०२४ मध्ये पद सोडलं; आरोप त्याने फेटाळले आहेत. मालिका येण्याआधीच त्याने तिच्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

जुलै २०२५ मधली ‘अनरियल’ मात्र कंपनीच्या सहभागाने बनली आहे. त्यात लेखकांची खोली दिसते, कोण जिंकणार हे ठरताना दिसतं. पहिली महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये आपल्याच शहरात झाली आणि दिनकर दह्यारींनी ती जिंकली. तिथे निकाल मातीत लागला. डब्ल्यूडब्ल्यूईत तो आधी टेबलावर लागतो, आणि आता कंपनी तेही दाखवते. पण ते टेबल किती वेळ आणि कोणत्या बाजूने दिसणार, यात कंपनीचा हात आहेच.

वॉरियर आणि ब्रेटचं पुढे काय झालं? २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ए अँड ई चॅनलवर ‘बायोग्राफी: डब्ल्यूडब्ल्यूई लेजेंड्स’ सुरू झाली. पहिल्याच सीझनमध्ये दोघांवर एकेक भाग होता. निर्मितीत डब्ल्यूडब्ल्यूई होतीच.